मुरलेल्या तंत्राचा कारागीर

जुना ग्रंथ पुन्हा वाचणाऱ्यास समाज रसिक म्हणतो, जुन्या ध्वनिमुद्रिका जपणाऱ्यास दर्दी म्हणतो. परंतु पस्तीस वर्षांपूर्वीचा व्हिडिओ गेम आवडीने खेळत बसलेला प्रौढ मनुष्य दिसला, की त्याच्याकडे कीव केल्यासारखे पाहिले जाते. ह्या कीवेच्या मुळाशी एक समजूत आहे. पुस्तक हे लेखकाचे अपत्य, गाणे गायकाचे. व्हिडिओ गेम मात्र यंत्राचे अपत्य होय, आणि म्हणून नवे यंत्र आले की जुन्या यंत्राबरोबर त्यावरील खेळही निकालात निघतो, अशी ही समजूत. दर पाच-सहा वर्षांनी नवे यंत्र विकावयाचे आणि जुने माळ्यावर टाकावयास लावावयाचे, ह्यावर ज्यांचा चरितार्थ चालतो त्यांना ती सोयीची आहे, ह्यात नवल नाही. नवल हे, की ज्या मनुष्याने ह्या धंद्याला अपार पैसा मिळवून दिला, त्याने आयुष्यभर नेमके ह्याच्या उलट मानले आणि उलट करून दाखविले. जपानमधील क्योतोचे गुनपेई योकोई हे ते गृहस्थ होत.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा. क्योतोच्याच दोशिशा विद्यापीठातून ते विद्युत्शास्त्राचे पदवीधर झाले. मोठमोठ्या विद्युत्साहित्य कंपन्यांनी त्यांना दारात उभे केले नाही, आणि त्यांनाही गाव सोडून जाण्याची फारशी इच्छा नव्हती. तेव्हा १९६५ मध्ये त्यांनी गावातच मिळाली ती नोकरी पत्करली. ती होती पत्ते छापणाऱ्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करण्याची. १८८९ पासून हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते करणाऱ्या ह्या कारखान्याचे नाव निन्टेंडो. पुढे जगभर झालेला त्या नावाचा दबदबा तेव्हा नव्हता.

पत्त्यांची यंत्रे वारंवार बिघडत नसत. हाताशी वेळ पुष्कळ होता. तो घालविण्यासाठी योकोई यांनी कात्रीसारख्या फुल्या-फुल्यांच्या पट्ट्या जोडून लांबवर जाणारा आणि वस्तू पकडणारा एक हात तयार केला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची कारखान्यात आले असता हा उद्योग त्यांच्या दृष्टीस पडला. कामाच्या वेळात खेळणी करणारा नोकर म्हणून योकोई यांची गच्छंती व्हावयाची. पण यामाउची यांनी ते खेळणे बाजारात आणण्याचा हुकूम सोडला. १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ ह्या नावाने ते दहा लाखांहून अधिक विकले गेले. देखभालीचा नोकर खेळण्यांचा कल्पक झाला.

ह्या पहिल्या खेळण्यात नवीन असे तंत्र काहीच नव्हते. पुढील पंधरा वर्षांत योकोई यांनी जे जे केले त्यातही हेच सूत्र दिसते. सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारी घटी त्या काळी विकावयास निघाली होती. योकोई यांनी तिच्याकडून वीज घेण्याऐवजी तिला नेमबाजीचे लक्ष्य बनविले. बंदुकीतून प्रकाशाची तिरीप घटीवर पडली की लक्ष्य उडावयाचे. १९७० चे हे खेळणे चांगले खपले. पुढे जपानमधील बोलिंगची लाट ओसरून दिवाणखाने ओस पडले, तेव्हा त्याच कल्पनेवर तेथे प्रकाशाच्या बंदुकीची नेमबाजी उभी राहिली. परंतु १९७३ च्या तेलसंकटाने मागण्या रद्द झाल्या आणि कंपनी कर्जात बुडाली. योकोई यांच्या वाट्याला नेहमी यशच आले, असे समजण्याचे कारण नाही.

आपल्या ह्या पद्धतीला त्यांनी पुढे एक नाव दिले. त्याचा मराठीत आशय सांगावयाचा तर, वाळून मुरलेल्या तंत्राचा आडवाटेने विचार करणे, असा सांगता येईल. त्यातील जपानी शब्दाला कोमेजून गेलेले आणि परिपक्व झालेले, अशा दोन्ही छटा आहेत. आपल्याकडील सुताराला हे समजावून सांगावे लागणार नाही. ओले लाकूड दिसावयास टवटवीत असते, पण त्याची चौकट केली तर ती पहिल्याच उन्हाळ्यात वाकते. म्हणून तो वर्ष-दोन वर्षे वाळवलेले सागवान निवडतो. तंत्राचेही तसेच. नवे असते तेव्हा ते महाग असते, लहरी असते, आणि त्याच्या दिपवून टाकणाऱ्या तेजात खेळाची कल्पना दुबळी असली तरी खपून जाते. जुने झाले की ते स्वस्त होते, त्याचे दोष ठाऊक झालेले असतात, आणि मग खेळात खेळ आहे की नाही, हे झाकावयास जागा उरत नाही.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस गणकयंत्रांच्या धंद्यात शार्प आणि कॅसिओ ह्या कंपन्यांची जीवघेणी स्पर्धा चालली होती. तिच्यामुळे आकडे दाखविणारे द्रवस्फटिकाचे पडदे आणि लहानशा चकत्या कवडीमोल झाल्या. अशा वेळी आगगाडीच्या प्रवासात कंटाळलेला एक नोकरदार गणकयंत्राची बटणे उगाच दाबीत बसलेला योकोई यांनी पाहिला. वेळ घालविण्याचे खिशात मावणारे यंत्र का नसावे, असा विचार तेथे सुरू झाला. पुढचा योगायोग मोठा गमतीचा आहे. अध्यक्षांच्या मोटारीचा चालक एके दिवशी आजारी पडला. गाडी डाव्या बाजूने चालवावयाची परदेशी बनावटीची होती, आणि तशी गाडी चालविण्याची सवय असलेला मनुष्य म्हणजे योकोई. वाटेत त्यांनी आपली कल्पना सहज बोलून दाखविली. यामाउची काही बोलले नाहीत. पण ज्या सभेला ते निघाले होते, तेथे त्यांच्या शेजारची खुर्ची शार्पच्या अध्यक्षांची निघाली. आठवडाभरात शार्पचे अधिकारी क्योतोस हजर झाले.

१९८० मध्ये निघालेली ही ‘गेम अँड वॉच’ मालिका अकरा वर्षांत जगभर चार कोटींहून अधिक विकली गेली आणि कंपनीचे कर्ज फिटले. त्यातील १९८२ च्या, पुस्तकासारख्या मिटणाऱ्या एका खेळात उभा दांडा बसविता येईना, म्हणून योकोई यांनी अधिकचिन्हाच्या आकाराचे सपाट बटण योजिले. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी दिशा अंगठ्याने न पाहता देण्याची ती सोय तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक खेळयंत्रावर आहे.

परंतु योकोई यांच्या तत्त्वाची खरी कसोटी लागली ती १९८९ मध्ये. त्या वर्षी २१ एप्रिलला ‘गेम बॉय’ जपानच्या बाजारात आला. त्याचा पडदा हिरवट करड्या रंगाचा आणि चारच छटांचा होता. मागून उजेड नाही, झपाट्याने हलणारे चित्र पुसट व्हावयाचे. प्रतिस्पर्धी अटारीने त्याच वर्षी आणि सेगाने पुढच्या वर्षी रंगीत, उजळ पडद्याची यंत्रे आणली. दुकानात दोन यंत्रे शेजारी ठेवली तर गेम बॉयकडे कोणी वळू नये, अशीच स्थिती होती. पण रंगीत यंत्रांना सहा पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून अधिक चाले, स्वस्त होता आणि हातातून पडला तरी सहसा बिघडत नसे. उजेडाचा पडदा घालता आला नसता असे नव्हे. तो मुद्दाम घातला नाही. निकाल सर्वांना ठाऊक आहे. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली.

येथे न्यायाची एक गोष्ट नोंदविली पाहिजे. गेम बॉयचे सारे श्रेय योकोई यांना देण्याची प्रथा पडली आहे, ती अर्धीच खरी. त्यांचे सहकारी सातोरू ओकादा यांनी हे यंत्र निव्वळ खेळणे न राहता त्यात कॅसेट बदलून हवे तितके खेळ खेळता यावेत आणि ते वर्षानुवर्षे टिकावे, असा आग्रह धरला नसता, तर योकोई यांचा काटकसरीपणा कदाचित अपुरा पडला असता. काटकसर हे तत्त्व म्हणून उत्तम आहे. पण ती कोठे थांबवावयाची, हे सांगणारा दुसरा कोणी जवळ असावा लागतो.

पश्चिमेकडे ह्या यंत्राबरोबर ‘टेट्रिस’ हा खेळ दिला जाई. मॉस्कोत १९८४ मध्ये अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी रचलेल्या ह्या खेळात वरून पडणारे ठोकळे ओळीत बसवावयाचे, एवढेच. त्याला रंग लागत नव्हता, कथा लागत नव्हती. १९९३ मध्ये अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव्ह यांनी हाच खेळ आणि हेच यंत्र मीर ह्या अंतराळस्थानकावर नेले. फेब्रुवारी १९९६ मध्ये, म्हणजे बाजारात त्याहून कितीतरी शक्तिमान यंत्रे आल्यावर, सात वर्षांच्या ह्या म्हाताऱ्या यंत्रावर ‘पोकेमॉन’ निघाला. दोन गेम बॉय जोडणाऱ्या साध्या तारेवरून आपले प्राणी दुसऱ्यास देता येतील, ही कल्पना सातोशी ताजिरी यांना सुचली होती. ती तार पहिल्या दिवसापासून उपलब्ध होती. तिचा खरा उपयोग काय, हे कळावयास सात वर्षे लागली! नव्याच्या मागे धावणाऱ्यांनी ते यंत्र त्यापूर्वीच मोडीत काढले असते.

आपल्याकडे गेम बॉय फार थोड्या घरांत आला. त्याची किंमत मध्यमवर्गीयांना झेपणारी नव्हती. परंतु १९९० च्या दशकात बाजारात आणि जत्रांत मिळणारे ‘ब्रिक गेम’ मात्र घरोघरी पोहोचले. ठोकळ्यांचा तोच रशियन खेळ आणि गणकयंत्राच्या जातीचा तोच स्वस्त पडदा. योकोई हे नावही ज्यांनी ऐकले नव्हते, त्या मुलांनी भिंतीवरच्या घड्याळाचे सेल काढून ते खेळ खेळले.

स्वतः योकोई यांच्या नशिबी मात्र शेवटी अपयश आले. १९९५ मध्ये त्यांनी ‘व्हर्च्युअल बॉय’ हे यंत्र आणले. डोळे लावून आत पाहावयाचे आणि खोलीचा भास घ्यावयाचा, असे ते होते. ह्या वेळी तंत्र मुरलेले नव्हते. पडद्यावर लाल आणि काळा एवढेच रंग, मान अवघडावयाची, डोळे शिणावयाचे. आठ लाख यंत्रेही खपली नाहीत आणि वर्षभरात ते बंद झाले. काटकसरीची जुनी सवय तेथेही होती, कारण लाल दिवे हेच सर्वांत स्वस्त होते. परंतु स्वस्त आणि मुरलेले ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हा भेद ज्यांनी जगाला शिकविला त्यांच्याच हातून तो सुटला. ऑगस्ट १९९६ मध्ये, एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर, त्यांनी निन्टेंडो सोडली. ह्या अपयशामुळेच ते गेले, हा समज रूढ झाला. वस्तुतः पन्नाशीनंतर स्वतंत्र व्हावे, असे त्यांच्या मनात पूर्वीपासून होते. क्योतोत त्यांनी स्वतःची लहानशी संस्था काढली. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी होकुरिकू महामार्गावर त्यांच्या मोटारीला अपघात झाला. नुकसान पाहण्यासाठी ते खाली उतरले असता दुसऱ्या मोटारीने त्यांना धडक दिली. वय अवघे छप्पन्न.

त्यांच्यामागे त्या खेळांचे काय झाले? अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन ह्या संस्थेने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी शेकडा ८७ तेव्हा कोणत्याही दुकानात विकत मिळत नव्हते. गेम बॉयच्या घराण्यातील खेळांची स्थिती त्याहून वाईट असून शंभरांतील सहादेखील उपलब्ध नव्हते. ज्या आधीच्या यंत्रांवर त्यांतील काही विकत घेता येत, त्यांचे दुकान निन्टेंडोने मार्च २०२३ मध्ये बंद केले. आता त्यांतील निवडक खेळ वर्गणी भरून, वर्गणी चालू असेतो खेळावयास मिळतात. ग्रंथालयांनी अभ्यासकांना दुरून असे खेळ उपलब्ध करून द्यावेत, ह्यासाठी मागितलेली सवलत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. कारण काय, तर लोक ते खेळ मौजेसाठी खेळतील! ज्या वस्तूंचा जन्मच मौजेसाठी झाला, त्यांच्याविषयी ही धास्ती बाळगली जावी, ह्यावर अधिक टीका करण्याची आवश्यकता नाही. दुसऱ्या बाजूस २०१४ मध्ये निघालेला ‘द क्रू’ हा मोटार-शर्यतीचा खेळ घ्या. कंपनीने आपली मध्यवर्ती संगणकयंत्रणा ३१ मार्च २०२४ रोजी बंद करताच, पैसे मोजून घेतलेली तबकडी ज्यांच्या घरी होती त्यांनाही तो खेळता येईनासा झाला. दहा वर्षे हेही त्याचे आयुष्य ठरले नाही.

गेम बॉयच्या कॅसेटला अशी कोणाची परवानगी लागत नाही. खेळाची प्रगती साठविणारा, बटणाएवढा एक सेल काही कॅसेटांत असतो, तो वीस-पंचवीस वर्षांनी मरतो. मग लोक कॅसेट उघडतात, जुना सेल सोडवितात, नव्याला कथिलाचा डाख देतात आणि पुन्हा पहिल्यापासून खेळावयास बसतात. ह्यांत यंत्राच्या वयाहून लहान असलेली पुष्कळ माणसे आहेत. त्यांना बालपणाच्या आठवणींचा मोह म्हणून हसण्यावारी नेता येणार नाही.

योकोई यांच्या अखेरच्या यंत्राची हकीकत सांगावयाची राहिली. त्यांच्या संस्थेने बंदाई कंपनीसाठी आखलेले ‘वंडरस्वान’ हे खेळयंत्र मार्च १९९९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सतरा महिन्यांनी, जपानमध्ये निघाले. बाजारात तेव्हा रंगीत गेम बॉय येऊन काही महिने झाले होते, तरी ह्याचा पडदा कृष्णधवलच होता. त्याबरोबर आलेल्या एका खेळात तिरक्या रेषांचे तुकडे वर-खाली सरकवून डावीकडून उजवीकडे अखंड रेघ जोडावयाची असते. योकोई यांच्या स्मरणार्थ त्या खेळाला त्यांचेच नाव देण्यात आले. वंडरस्वान काही वर्षांनी बंद पडला आणि तो कधीच जपानबाहेर रीतसर विकला गेला नाही. पण ज्याच्या घरात तो आहे, त्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून एकच पेन्सिल सेल आणावा लागतो, आणि त्यावर तो तीस तास चालतो.