विमान न उडवता एव्हिएशन हॉल ऑफ फेममध्ये: एल्सी मॅकगिलची गोष्ट

कॅनडात विमानक्षेत्रातल्या मोठ्या माणसांसाठी एक हॉल ऑफ फेम आहे. 1973 साली तो सुरू झाला. त्यातली नावं वाचायला घेतली की पायलटांची रांगच लागते. 23 फेब्रुवारी 1909 ला बॅडेक गावातल्या गोठलेल्या तळ्यावरून ‘सिल्व्हर डार्ट’ हे विमान उडवणारा जे. ए. डी. मॅकर्डी त्यात आहे. (ते विमान बनवणाऱ्या टीमचा प्रमुख होता ग्रॅहम बेल. हो, तोच टेलिफोनवाला. फोन झाला, आता विमान, असं त्याचं चाललं होतं.) पहिल्या महायुद्धातला बिली बिशप आहे. 1929 च्या ऐन हिवाळ्यात उघड्या कॉकपिटच्या विमानातून घटसर्पाचं औषध दूर उत्तरेला पोचवणारा वॉप मे आहे.

आणि या सगळ्यांमध्ये एक बाई आहे, जिने पायलट म्हणून कधीच विमान उडवलं नाही. दोन काठ्यांच्या आधाराने चालणारी एक इंजिनिअर, एल्सी मॅकगिल.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. विमानाचा आणि माझा संबंध विंडो सीटपुरता. तरी या यादीतलं सगळ्यात ओळखीचं नाव मला तिचंच वाटलं. कारण तिचं काम म्हणजे ड्रॉइंग, हिशेब, पार्ट नंबर, डेडलाइन आणि शेवटच्या क्षणी येणारे बदल. उडण्याचा फोटो दुसऱ्याचा निघतो.

व्हँकुव्हर ते मिशिगन

एल्सीचा जन्म 27 मार्च 1905 चा, व्हँकुव्हरचा. आई हेलन ग्रेगरी मॅकगिल पत्रकार, बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढणारी आणि पुढे ब्रिटिश कोलंबिया प्रांतातली पहिली महिला न्यायाधीश. वडील वकील. अशा घरात मुलगी इंजिनिअर होते म्हणाली तर कोणी कपाळाला हात लावणार नव्हतं. बाहेर मात्र लावला. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात तिने इंजिनिअरिंगचे वर्ग सुरू केले आणि एकाच सत्रानंतर तिथल्या डीनने तिला जायला सांगितलं. मग ती टोरांटोला गेली आणि 1927 मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडली. कॅनडात ही पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री.

नोकरी लागली अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या पॉन्टिॲक शहरात, गाड्यांच्या कंपनीत. ती कंपनी विमानांच्या धंद्यात उतरायला लागली आणि एल्सीला विषय सापडला. मिशिगन विद्यापीठात तिने एरोनॉटिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला आणि 1929 मध्ये मास्टर्स केलं. या विषयात ते करणारी उत्तर अमेरिकेतली ती पहिलीच स्त्री.

आणि पदवी हातात येता येता पोलिओ झाला.

वय 24. पायांतली ताकद गेली. उरलेलं आयुष्य व्हीलचेअरवर जाईल असं डॉक्टरांनी सांगितलं. ती व्हँकुव्हरला घरी परतली आणि दोन धातूच्या काठ्या घेऊन पुन्हा चालायला शिकली. त्या काळात ती मासिकांसाठी विमानांवर लेख लिहायची. आज आपण ब्लॉग लिहून चार पैसे मिळवतो तसंच. त्या पैशांचा हातभार लावून ती पुढच्या अभ्यासाला एमआयटीत गेली.

1934 मध्ये ती मॉन्ट्रियलजवळच्या फेअरचाइल्ड कंपनीत लागली. काम होतं स्ट्रेस ॲनालिसिसचं: विमानाच्या कोणत्या भागावर किती जोर येईल आणि तो भाग तो पेलेल का, याचा हिशेब. कॉम्प्युटर नाही. कागद, पेन्सिल आणि स्लाइड रूल.

रेल्वेच्या डब्यांची कंपनी आणि लढाऊ विमान

1938 मध्ये तिला ‘कॅनेडियन कार अँड फाउंड्री’ने मुख्य एरोनॉटिकल इंजिनिअर म्हणून घेतलं. ही मुळात रेल्वेचे डबे बनवणारी कंपनी. तिचा विमान कारखाना ऑन्टारिओतल्या फोर्ट विल्यमला होता (आजचं थंडर बे). तिथे एल्सीने ‘मेपल लीफ ट्रेनर टू’ हे शिकाऊ पायलटांसाठीचं विमान डिझाइन केलं. एका स्त्रीने मुख्य डिझायनर म्हणून केलेलं हे जगातलं पहिलं विमान मानलं जातं. ते पुढे मेक्सिकोला विकलं गेलं. तिकडचे विमानतळ बरेच उंचावर, हवा विरळ, आणि तशा हवेत हे विमान चांगलं चालायचं. चाचणीच्या उड्डाणांना ती स्वतः सोबत बसायची, काठ्या घेऊन. विमान हवेत कसं वागतं हे रिपोर्टमध्ये वाचून तिचं समाधान व्हायचं नाही.

मग दुसरं महायुद्ध. ब्रिटनला लढाऊ विमानं हवी होती आणि तिथल्या कारखान्यांवर बॉम्ब पडण्याची भीती होती. म्हणून हॉकर हरिकेन या विमानाचं काम समुद्रापलीकडे, फोर्ट विल्यमलाही दिलं गेलं.

इथे जरा थांबू, कारण खरी इंजिनिअरिंगची गंमत इथे आहे. हरिकेन हे स्पिटफायरइतकं देखणं विमान नव्हतं. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या, मागच्या भागावर चक्क कापड. स्पिटफायरमध्ये बाहेरचा धातूचा पत्राच भार पेलायचा, त्यामुळे ते बनवायला आणि दुरुस्त करायला किचकट. हरिकेनला गोळी लागली तर बऱ्याचदा कापडाला ठिगळ लावून ते परत उडायचं. 1940 च्या बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये संख्येने हरिकेनच जास्त होती. ब्रह्मदेशच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाच्या स्क्वाड्रननीही हीच विमानं उडवली.

पण सोपं म्हटलं तरी एका विमानात सुमारे 25,000 भाग. आणि अट अशी की भाग अदलाबदल करता आले पाहिजेत. कॅनडात बनलेला पंख इंग्लंडच्या एखाद्या धावपट्टीवर दुसऱ्याच हरिकेनला लावला तर तो कानस न घासता बसला पाहिजे. आपल्या भाषेत, दोन टीमनी कधी एकमेकांना न भेटता कोड लिहायचा आणि एपीआय पहिल्या फटक्यात जुळला पाहिजे. फरक इतकाच की इथे चुकलं तर एरर मेसेज येत नाही, माणूस पडतो.

यासाठी लागतात जिग. मेकॅनिकलवाल्यांना माहीत असेलच. बाकीच्यांसाठी: जिग म्हणजे भाग पक्का धरून ठेवणारा आणि ड्रिलला नेमकी जागा दाखवणारा साचा. साचा अचूक असेल तर कालपरवा कामाला लागलेला माणूसही भोक बरोबर जागी पाडतो. फोर्ट विल्यमला नेमकी अशीच माणसं होती. कारखाना सुमारे 500 कामगारांवरून 4,500 पर्यंत वाढला आणि त्यात जवळपास निम्म्या बायका होत्या, बहुतेक जणी पहिल्यांदाच कारखान्यात आलेल्या. कौशल्य माणसाच्या हातातून काढून अवजारात घालायचं, म्हणजे नवखा हातही चुकणार नाही, हे तिथलं मुख्य काम होतं.

जानेवारी 1940 मध्ये पहिलं कॅनेडियन हरिकेन उडालं. 1943 पर्यंत तिथून 1,400 च्या वर बाहेर पडली. जगात एकूण साडेचौदा हजारांच्या आसपास हरिकेन बनली, म्हणजे दर दहातलं एक या रेल्वेच्या डबेवाल्यांचं. थंडीसाठी एल्सीने त्याची वेगळी आवृत्तीही केली: चाकांऐवजी स्की, पंखांवर बर्फ साचू नये म्हणून डी-आयसिंगची सोय. आणि एवढ्या गडबडीत तिने मोठ्या प्रमाणावर विमानं कशी बनवायची यावर एक शोधनिबंध लिहिला. त्याला इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट ऑफ कॅनडाचं गझोव्स्की पदक मिळालं. डॉक्युमेंटेशनला वेळ नाही म्हणणाऱ्या आम्हा मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

1942 मध्ये अमेरिकेत तिच्यावर एक कॉमिक निघालं, ‘हरिकेनची राणी’ अशा नावाचं. पोरांना आवडलं असणार. मला मात्र ते नाव जरा खटकतं. राणी हुकूम सोडते. ही बाई पार्टचे ड्रॉइंग तपासत होती.

जे जमलं नाही

तिच्यावरचे बरेच लेख हरिकेनपाशी टाळ्या वाजवून थांबतात. पण त्यानंतर कारखान्याला अमेरिकन नौदलासाठी कर्टिस हेलडायव्हर बनवायचं काम मिळालं आणि तिथे गाडी अडली. नौदलाकडून बदल येतच राहिले. आज हे बदला, उद्या ते. माझ्या पहिल्या नोकरीत रिलीजच्या आदल्या आठवड्यात क्लायंटने लॉगिनचा सगळा प्रवाह बदलायला सांगितला होता. दोन रात्री जागून आम्ही तो केला आणि महिनाभर त्याचे बग काढत बसलो. पण आमचा बदल म्हणजे काही फायली. तिथे एक बदल म्हणजे नवं ड्रॉइंग, नवा पोलादी जिग, शेल्फवर तयार पडलेले भाग भंगारात आणि लाइनवर अर्ध्या बांधलेल्या विमानांना पुन्हा हात. उत्पादन मागे पडत गेलं.

1943 मध्ये एल्सी आणि कारखान्याचा वर्क्स मॅनेजर बिल सोल्सबी, दोघांनाही काढण्यात आलं. त्याच वर्षी दोघांनी लग्न केलं. नोकरी कामामुळे गेली की प्रेमामुळे, यावर तेव्हाही कुजबुज झाली. टोरांटोला जाऊन तिने स्वतःची सल्लागार कंपनी काढली.

तुमच्या सीटखालचं काम

यानंतरचं तिचं काम मला हरिकेनइतकंच मोठं वाटतं, पण त्यावर कॉमिक निघणं शक्य नाही. 1946 मध्ये ती आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची, म्हणजे आयकाओच्या कामाची, तांत्रिक सल्लागार झाली. प्रवासी विमान उडायला योग्य आहे हे ठरवण्याचे आंतरराष्ट्रीय नियम तेव्हा लिहिले जात होते. 1947 मध्ये तिथल्या स्ट्रेस ॲनालिसिस समितीची ती अध्यक्ष झाली. संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या समितीचं अध्यक्षपद सांभाळणारी ती पहिली स्त्री.

या विषयात एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: 1.5. विमानाला आयुष्यात जास्तीत जास्त जेवढा भार सोसावा लागेल असं धरलं जातं, त्याच्या दीडपट भार त्याच्या सांगाड्याने न मोडता पेलायचा असतो. दहापट का नाही? कारण मग विमान इतकं जड होईल की उडणारच नाही. सुरक्षितता आणि वजन यांच्यातला हा हिशेब. ढगात शिरल्यावर खिडकीतून पंखाचं टोक वरखाली हलताना दिसतं ना, ते या हिशेबात धरलेलं असतं.

1953 मध्ये तिचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या तिने आईचं चरित्र लिहिलं, ते 1955 मध्ये आलं. मग जणू आईचंच काम पुढे न्यावं तशी ती 1967 मध्ये कॅनडातल्या स्त्रियांच्या स्थितीवर नेमलेल्या रॉयल कमिशनची सदस्य झाली. 1970 च्या अहवालात 167 शिफारशी होत्या. समान पगार, बाळंतपणाची रजा, पाळणाघरं असे विषय त्यात होते. जिथे बाकीच्या सदस्यांशी पटलं नाही तिथे तिने आपलं वेगळं मत लेखी जोडलं. 1971 मध्ये ऑर्डर ऑफ कॅनडा मिळाला.

4 नोव्हेंबर 1980 ला, 75 व्या वर्षी, अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात ती गेली. हॉल ऑफ फेममध्ये नाव आलं ते त्यानंतर तीन वर्षांनी. 2023 मध्ये कॅनडाच्या टांकसाळीने तिच्या सन्मानार्थ एक डॉलरचं नाणं काढलं.