मटारचं रोप आणि आगकाड्या: स्टॉप-मोशनचं टूल निवडताना दादासाहेब फाळके आठवा

स्टॉप-मोशन करायचं मनात आलं की पहिला प्रश्न हमखास असतो, ‘कुठलं अ‍ॅप घेऊ?’ मग दहा अ‍ॅप डाउनलोड होतात, फोनचं स्टोरेज भरतं आणि व्हिडिओ काही होत नाही. भारतात हाच प्रश्न एका माणसाला 1912 साली पडला होता. तेव्हा अ‍ॅप नव्हतं, यूट्यूब नव्हतं आणि विचारायला जवळपास कोणी नव्हतं. शिवाय चूक झाली असती तर घर रस्त्यावर आलं असतं. हा माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, आपले दादासाहेब.

फाळक्यांचा जन्म 30 एप्रिल 1870 चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. पोराला मात्र चित्रांचा नाद. 1885 मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला, पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे चित्रकलेबरोबर फोटोग्राफी आणि छपाईचं तंत्र हाताखालून गेलं. गोध्र्यात त्यांनी फोटो स्टुडिओ टाकला. तिथे प्लेगच्या साथीत पहिली बायको आणि मूल गेलं.

त्यानंतरची वर्षं बघितली तर आजच्या भाषेत माणूस ‘सेटल’ होत नव्हता. जादू शिकले आणि आपलं आडनाव उलटं फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोग केले. पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी धरली, स्वदेशीच्या दिवसांत ती सोडली. लोणावळ्यात छापखाना काढला, रंगीत छपाईची यंत्रं बघायला 1909 मध्ये जर्मनीला जाऊन आले, आणि भागीदारांशी बिनसल्यावर त्या छापखान्यातूनही बाहेर पडले. घरच्यांना याचा केवढा ताप झाला असेल! पण यादी नीट वाचा. चित्रकला, फोटो, छपाई, जादू. स्टॉप-मोशनला लागतं ते जवळजवळ सगळं यात आलं, फक्त सिनेमाचा कॅमेरा तेवढा बाकी होता.

1911 च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्तावरचा मूकपट पाहिला आणि आपल्या देवांच्या गोष्टी अशाच पडद्यावर आणायच्या हे डोक्यात बसलं. मग रोज सिनेमे बघणं, रात्री जागून प्रयोग करणं. याचा डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली.

आता टूल घ्यायची वेळ. फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून कर्ज काढलं आणि फेब्रुवारी 1912 मध्ये लंडन गाठलं. पण ते थेट दुकानात शिरले नाहीत. आधी ‘बायोस्कोप’ या सिनेमाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. तिथले संपादक कॅबोर्न यांनी सुरुवातीला त्यांना परावृत्तच करायला पाहिलं, मग ओळख काढून सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत पाठवलं. तिथे काम कसं चालतं हे डोळ्यांनी बघितल्यावर खरेदी झाली: 50 पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं यंत्र. बस. 1 एप्रिल 1912 ला ते मुंबईत परत आले.

त्या भोकांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. कच्ची फिल्म सपाट यायची. कडेची भोकं कॅमेऱ्याच्या दातांत अडकली तरच फिल्म पुढे सरकणार, आणि भोक जरा वाकडं पडलं की पडद्यावर चित्र थरथरणार. हे काम अंधारात करावं लागे, कारण उजेड लागला की फिल्म बाद. ते शिकून घेतलं सरस्वतीबाईंनी, म्हणजे फाळक्यांच्या दुसऱ्या पत्नीने. फिल्म धुण्याच्या कामातही त्या होत्या. पोस्टरवर त्यांचं नाव नसे, पण भारतातल्या पहिल्या सिनेमा तंत्रज्ञांत त्यांना धरायलाच हवं.

कॅमेरा आला, पण सिनेमाला पैसा कोण देणार? हे यंत्र काय करू शकतं हे सावकाराला पटवायचं होतं. फाळक्यांनी कुंडीत मटार पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि अंकुर फुटून वेल वर चढेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेत राहिले. महिन्याभराची वाढ पडद्यावर जेमतेम मिनिटभरात दिसली. हाच तो ‘अंकुराची वाढ’. मित्र यशवंतराव नाडकर्णी यांना आणि इतरांना तो दाखवल्यावर पैशाची वाट मोकळी झाली. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले.

बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की फाळके रोज एक चित्र घेत. आपण हिशोब करू. त्या काळी सेकंदाला साधारण 16 चित्रं धरायची. मिनिटाला झाली 960. रोज एकच चित्र घेतलं असतं तर महिन्याला 30, म्हणजे दोन सेकंदांतच खेळ खलास! मिनिटभराच्या फिल्मला रोज 32 चित्रं लागतात, रात्रंदिवस धरलं तर दर 45 मिनिटांना एक. अ‍ॅप निवडण्याआधी तुम्हीही हेच गणित कागदावर मांडा. सेकंदाला 12 चित्रं आणि 10 सेकंदांचा व्हिडिओ म्हणजे 120 फोटो.

तसं बघितलं तर मटारची फिल्म म्हणजे टाइमलॅप्स. वस्तू आपली आपण बदलते, आपण फक्त ठरावीक वेळाने टिपतो. स्टॉप-मोशनमध्ये वस्तू आपण हलवायची, हात बाजूला घ्यायचा, मग टिपायचं. दोन्हींत यंत्राकडून एकच गोष्ट हवी असते: एका वेळी एकच चित्र, आणि मागच्याच जागेवरून.

समजा तुम्ही दापोलीत आहात आणि मटाराऐवजी कुळीथ किंवा वाल पेरलाय. साधा फोन आहे. सगळ्यात आधी बघायचं ते हे की अ‍ॅपमध्ये फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक होतात का. दापोलीच्या पावसाळ्यात खिडकीतला उजेड मिनिटामिनिटाला बदलतो. फोन प्रत्येक वेळी स्वतःच्या अकलेने उजेड सावरायला जातो आणि व्हिडिओ लुकलुकतो. खिडकी बंद करा, टेबल लॅम्प लावा, लॉक टाका. टाइमलॅप्स करायचा असेल तर ठरावीक वेळाने आपोआप फोटो घेण्याची सोय लागेल, आणि वीज जाणार हे धरून पॉवर बँकही.

मातीची बाहुली किंवा आगकाड्या हलवायच्या असतील तर ‘ओनियन स्किन’ बघा. यात मागचं चित्र पुसट दिसत राहतं, त्यामुळे वस्तू किती सरकली ते कळतं. फाळक्यांना ही चैन नव्हती. फिल्म धुऊन होईपर्यंत काय टिपलंय तेच कळत नसे. फोनवर ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’ हे अ‍ॅप सुरुवातीला पुरेसं आहे. मोफत आवृत्तीत जे मिळतं त्यात एक व्हिडिओ पूर्ण करा, मग पैसे द्यायचे का ते ठरवा. कॉम्प्युटर आणि वेबकॅम असेल तर ‘बोट्स अ‍ॅनिमेटर’ मोफत आणि ओपन सोर्स आहे. ‘ड्रॅगनफ्रेम’ मोठे स्टुडिओ वापरतात. ते उत्तमच आहे, पण विकत घ्यावं लागतं आणि खरा उपयोग चांगला कॅमेरा जोडल्यावर. पहिल्याच दिवशी त्यामागे लागू नका.

फाळक्यांचं पुढचं बहुतेकांना माहीत असतं. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला आणि चालला. त्यांनी मुक्काम नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. पहिलं महायुद्ध लागल्यावर पैसा आणि कच्चा माल दोन्हींची ओढाताण सुरू झाली. या दिवसांत फाळक्यांनी छोट्या फिल्म केल्या. त्यातली 1915 ची ‘आगकाड्यांची मौज’ म्हणजे खरंखुरं स्टॉप-मोशन: काड्या सरकवायच्या, एक चित्र, पुन्हा सरकवायच्या. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी 1908 मध्ये काड्यांचा असाच खेळ केला होता. नट नको, कपडे नकोत, सेट नको. एका पेटीत अख्खी पात्रयादी. हात आखडता असताना विषय कसा निवडावा, तर असा.

‘लंकादहन’ 1917 चा. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. मध्ये हिंदुस्तान फिल्म कंपनीत भागीदारांशी पुन्हा खटके उडाले, फाळके काशीला जाऊन राहिले, परत आले. बोलपट आला तेव्हा जुनी टूल्स एका फटक्यात निरुपयोगी झाली. ‘सेतुबंधन’ मूक म्हणून केला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला. 1937 चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा सिनेमा. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकला ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो 1969 साली.

‘आगकाड्यांची मौज’ आज उरलेली नाही. तेव्हाची फिल्म नायट्रेटची असे. ती झपकन पेट घेते, आणि जळली नाही तरी कुजते. तुमचे 120 फोटो मात्र दोन जागी ठेवता येतात. अ‍ॅपमधून नुसता तयार व्हिडिओ नको, सुटे फोटोही बाहेर काढता येतात का ते निवडतानाच बघा. फोन बदलला किंवा अ‍ॅप बंद पडलं तरी काम हातात राहतं.

फाळक्यांचं 1917 चं ‘चित्रपट कसे तयार करतात’ यातले काही तुकडे मात्र वाचले आहेत आणि ऑनलाइन बघायला मिळतात. त्यात दादासाहेब स्वतः कामात आहेत, फिल्मची पट्टी हातात धरून तपासताहेत.