पैडी जयराज : करीमनगरचा मुलगा, मुंबईचा नट



मधल्या सुट्टीत दहावीची काही मुले व्हरांड्यात बाह्या वर करून एकमेकांचे दंड चाचपत उभी असतात. आमच्या खोलीच्या खिडकीतून हे दृश्य रोज दिसते. रागावण्यासारखे त्यात काही नाही. आमच्या वेळी तालमीत जोर-बैठका काढत, आता जिममध्ये जातात, एवढाच फरक. परवा त्यातल्या एकाला आम्ही सहज विचारले की, तू जे सँडो बनियन घालतोस ते ‘सँडो’ म्हणजे काय? त्याला वाटले होते की ती एखादी कंपनी असावी.

सँडो हे माणसाचे नाव आहे. युजेन सँडो हा १८६७ मध्ये प्रशियात जन्मलेला पहिलवान. देश सोडून तो इंग्लंडात स्थायिक झाला आणि पिळदार शरीर लोकांना दाखवणे हाच त्याचा व्यवसाय झाला. अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात हलत्या चित्रांचे प्रयोग चालू होते, तेव्हा १८९४ मध्ये सँडोला कॅमेऱ्यासमोर उभे करून त्याचे दंड आणि पाठ चित्रित करण्यात आली. म्हणजे सिनेमा अजून गोष्ट सांगायलाही शिकला नव्हता, तेव्हाच त्याने शरीर कमावलेला माणूस पाहून घेतला होता. पुढे १९०५ च्या सुमारास सँडोने हिंदुस्थानचा दौरा केला. त्याचे वेड इथे इतके पसरले की तमिळ मुलखातील पुदुकोट्टई संस्थानातून मुंबईस आलेला नागलिंगम नावाचा कसरतपटू मूकपटांत ‘राजा सँडो’ या नावानेच प्रसिद्धीस आला.

परंतु आज आम्हाला सांगायची आहे ती आपल्या जवळच्या माणसाची हकीकत. आपल्याच हैदराबाद संस्थानातून एक तरुण असाच कमावलेले शरीर घेऊन मुंबईस गेला आणि जवळजवळ पासष्ट वर्षे पडद्यावर राहिला. त्याचे नाव पैडी जयराज. आम्ही शाळेत विचारून पाहिले. विद्यार्थ्यांपैकी कोणालाच हे नाव माहीत नव्हते आणि शिक्षकांपैकी दोघांना माहीत होते.

जयराज यांचा जन्म २८ सप्टेंबर १९०९ रोजी करीमनगर येथे एका तेलुगू नायडू घराण्यात झाला. करीमनगर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यात तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारे जिल्हे शेजारी-शेजारी नांदत होते. आपल्यापैकी बऱ्याच कुटुंबांचे मूळ नांदेड, परभणी, बीड या त्याच राज्यातल्या जिल्ह्यांत आहे. घरात प्रत्येकाची भाषा निराळी असली तरी कचेरीत, कोर्टात आणि बाजारात उर्दूचा अंमल होता. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे, तो ध्यानात ठेवावा.

महाविद्यालयीन शिक्षणासाठी जयराज आपल्या निजाम कॉलेजात आले. १८८७ साली स्थापन झालेले हे कॉलेज त्या काळी मद्रास विद्यापीठाला जोडलेले होते आणि शिक्षण इंग्रजीतून होते. म्हणजे घरी तेलुगू, रस्त्यावर उर्दू आणि वर्गात इंग्रजी. नाटकाची व सिनेमाची गोडी त्यांना तिथेच लागली. सिनेमा हैदराबादेत नवखा नव्हता. कलकत्त्याच्या धीरेंद्रनाथ गांगुली यांनी १९२२ मध्ये इथे ‘लोटस फिल्म कंपनी’ काढली होती. दोन वर्षांनी रझिया सुलतानाच्या जीवनावरील चित्रपट दाखवल्यावरून निजामाची इतराजी झाली आणि गांगुलींना राज्य सोडावे लागले. गंमत म्हणजे १९६१ साली मुंबईत ‘रझिया सुलताना’ नावाचाच चित्रपट निघाला, त्यात जयराज होते.

पुढील शिक्षण कुठे घ्यावे यावरून घरात मतभेद झाले. मुलाला विलायतेस जायचे होते, घरच्यांचा बेत वेगळा होता. पालक मंडळींना असे प्रसंग अपरिचित नाहीत. शेवटी १९२९ च्या सुमारास, विशी गाठण्याच्या आतबाहेर असताना, जयराज मुंबईस निघून गेले.

आज हैदराबादहून मुंबईला जाणे म्हणजे रात्री गाडीत झोपून सकाळी उतरणे. तेव्हा ते एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणे होते. इथे निजामाचा हाली सिक्का चालत असे, तिकडे इंग्रजांचा कलदार रुपया. मुंबईत कोणी ओळखीचा नाही, मराठी-गुजरातीचा सराव नाही. निजाम कॉलेजात शिकलेल्या या मुलाने आधी गोदीत अंगमेहनतीचे काम केले, नंतर सिनेमाची पोस्टरे रंगवण्याच्या ठिकाणी हात चालवला. कॉलेजातले शिक्षण त्या दिवसांत काही कामास आले नाही. कामास आले ते शरीर. उंचपुरा बांधा, रुंद खांदे आणि व्यायामाने घट्ट झालेले अंग. चित्रपट काढणाऱ्यांची नजर त्याच्यावर गेली नसती तरच नवल.

आता ते पडद्यावर आले कसे, हे नीट ऐकण्याजोगे आहे. १९२९ च्या ‘जगमगती जवानी’ या मूकपटाचे नायक माधव काळे होते. घोड्यावरची दौड, तलवारबाजी, मारामारी ही कामे त्यांच्याने होईनात. ती सर्व त्यांच्या जागी जयराज यांनी केली. ज्याला सिनेमावाले ‘डुप्लिकेट’ म्हणतात, ते हे काम. टाळ्या नायकाला आणि खरचटलेले गुडघे डुप्लिकेटला, असा त्या धंद्याचा हिशेब असतो. वीस वर्षांचा देखणा मुलगा, मुंबईस आला होता तो स्वतःचे तोंड लोकांना दिसावे म्हणून, आणि पहिल्याच चित्रपटात त्याची धडाडी दुसऱ्याच्या नावावर जमा झाली! आमच्या मते त्यांच्या चरित्रातला हा सर्वांत अवघड काळ. परत जायचे तर करीमनगरला काय तोंड दाखवणार?

ते परतले नाहीत. पुढच्याच वर्षी ‘रसीली रानी’ या चित्रपटात ते नायक झाले. मग शारदा फिल्म कंपनीत त्यांनी एकामागून एक मूकपट केले. ही कंपनी मास्टर विठ्ठल या आपल्या मराठी नटाने गाजवली होती. विठ्ठल म्हणजे तलवारबाजीचा आणि धाडसी कामांचा बादशहा.

आणि तेवढ्यात सिनेमा बोलू लागला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ लागला. त्याचे नायक मास्टर विठ्ठलच होते. या भूमिकेसाठी त्यांनी शारदा कंपनी सोडली, कंपनीने दावा लावला आणि विठ्ठल यांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले. इतके करून मिळवलेल्या भूमिकेत त्यांना बोलायला फारसे दिले नाही, कारण उर्दू त्यांच्या जिभेवर बसेना, असे जुने जाणकार सांगत आले आहेत. विठ्ठल यांनी पुढे मराठी बोलपटांत पुष्कळ कामे केली, परंतु हिंदी पडद्यावरचे त्यांचे राज्य ओसरले. राजा सँडोंनी काही वर्षे हिंदी बोलपटांत कामे केली, पण त्यांचा ओढा मद्रासकडे होता. तमिळ चित्रपटांचे मोठे दिग्दर्शक म्हणून त्यांनी नाव मिळवले आणि १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले. दोघेही आपापल्या मातृभाषेकडे वळले आणि तिथे त्यांचा मानही राहिला.

जयराज यांच्याकडे मात्र हैदराबादची उर्दू होती. मुद्दाम शिकवणी लावून घेतलेली नव्हे, रस्त्यावर, दुकानात आणि मित्रांच्या संगतीत अंगवळणी पडलेली. १९३२ च्या ‘शिकारी’ या चित्रपटातून ते बोलपटात आले आणि मागे राहिले नाहीत. ज्या शरीराने दार उघडून दिले त्यावर ते फार तर पाचसात वर्षे जगले असते. पुढची साठ वर्षे जिभेवर काढली, असे आम्हास वाटते.

इथे थोडे स्वतःविषयी. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आजही मराठी लिहिताना हिंदीचा एखादा शब्द शेजाऱ्यासारखा न विचारता आत येऊन बसतो, आणि मराठीच्या बाई आमचा मजकूर तपासून लाल खुणा करतात. त्यामुळे पालक सभेत जेव्हा विचारले जाते की हैदराबादेत राहून मुलांनी मराठी, हिंदी, तेलुगू, इंग्रजी एवढ्या भाषांचे ओझे का वाहावे, तेव्हा आम्हाला चटकन उत्तर सुचत नाही. आम्ही जयराज यांचे नाव घेतो, आणि मग ते कोण हे सांगण्यातच सभेची वेळ संपते.

१९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजच्या ‘भाभी’ने त्यांचे नाव घरोघरी पोहोचवले. दिग्दर्शक होते जर्मनीहून आलेले फ्रान्झ ऑस्टेन. १९४३ च्या ‘हमारी बात’मध्ये ते देविका राणींचे नायक होते. देविका राणींचा तो शेवटचा चित्रपट. दोन वर्षांनी त्याच बॉम्बे टॉकीजसाठी जयराज यांनी ‘प्रतिमा’ दिग्दर्शित केला. त्याचा नायक होता एक नवखा तरुण, ज्याचा हा दुसराच चित्रपट होता. त्याचे नाव दिलीपकुमार. सुरैयाबरोबरचा ‘राजपूत’, होमी वाडियांचा ‘हातिमताई’ हे त्यानंतरचे. काही मराठी आणि गुजराती चित्रपटांतही त्यांनी कामे केली.

मग ऐतिहासिक भूमिकांचा काळ आला. अमरसिंह राठोड, १९५९ साली एकाच वर्षात पृथ्वीराज चौहान आणि टिपू सुलतान, पुढे वीर दुर्गादास, १९६३ मध्ये चंद्रशेखर आझाद. पन्नाशीच्या घरातही चिलखत त्यांना शोभत असे आणि घोड्यावर ते स्वतः बसत. ज्याने दुसऱ्याच्या नावावर घोडा पळवला, त्याला घोड्यावरच्या राजांच्या भूमिका मिळाल्या. त्यातले सगळेच चित्रपट उत्तम होते असे आम्ही म्हणणार नाही. काही तर पुठ्ठ्याच्या किल्ल्यांचे होते.

एक अपयशही सांगितले पाहिजे. १९५१ मध्ये त्यांनी स्वतः निर्माता होऊन ‘सागर’ काढला. नर्गिस आणि भारतभूषण प्रमुख भूमिकांत. गोष्ट इंग्रज कवी टेनिसनच्या ‘एनॉक आर्डन’ या दीर्घ काव्यावरून घेतलेली. घर सोडून समुद्रावर गेलेला खलाशी वर्षानुवर्षे परत येत नाही. सर्व जण त्याला मेला समजतात, बायको दुसरा संसार मांडते. एके दिवशी तो परततो, खिडकीतून आपले घर पाहतो आणि कोणाला न सांगता मागे फिरतो. इतक्या गोष्टी असताना जयराज यांना पैसा घालायला हीच का निवडावीशी वाटली असेल, याचा विचार आम्ही पुष्कळदा केला आहे. चित्रपट चालला नाही, पैसे बुडाले. निर्माता होणे आपल्याला जमले नाही, हे त्यांनी पुढे मोकळेपणी कबूल केले.

कारण त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मनाला लागून राहते. मूकपट आणि बोलपट मिळून दीडशेहून अधिक चित्रपट त्यांनी केले. ‘नाइन अवर्स टू रामा’ या १९६३ च्या इंग्रजी चित्रपटात ते घनश्यामदास बिर्ला झाले, ‘माया’ या अमेरिकन चित्रपटातही दिसले. परंतु ज्या भाषेत ते पहिला शब्द बोलले त्या तेलुगूतला एकही चित्रपट त्यांच्या नावावर नाही. तेलुगू चित्रपटसृष्टी तेव्हा मद्रासेत वाढत होती, हे मुंबईत रुजले होते. राजा सँडो परतले, हे परतले नाहीत. याला दोष कोणाला देणार? आमच्या घरातली दोन मुले परदेशी स्थायिक झाली आहेत, म्हणून हा प्रश्न आम्ही जरा हळूच विचारतो.

वय झाल्यावर भूमिका लहान होत गेल्या. ‘शोले’त ते पोलीस कमिशनर आहेत, ‘डॉन’मध्येही आहेत. तुम्ही हे चित्रपट टीव्हीवर दहादा पाहिले असतील, पण तो उंच, पांढऱ्या केसांचा गृहस्थ कोण, हे विचारले नसेल. पोस्टरवर ज्याचे नाव सर्वांत वर असे, त्याने दोन मिनिटांच्या कामासाठी वेळेवर येऊन मेकअपला बसायचे, यालाही एक प्रकारचे बळ लागते.

१९८० सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. या पुरस्काराच्या पहिल्या मानकरी देविका राणी होत्या. ११ ऑगस्ट २००० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. नव्वदी त्यांनी पूर्ण केली होती.

त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी, तेलंगण राज्य झाल्यावर, आपल्या रवींद्र भारतीच्या आवारातील लहान चित्रपटगृहाला पैडी जयराज यांचे नाव देण्यात आले. आपल्या शाळेतील मुले तिथल्या मोठ्या सभागृहात नृत्याच्या व वक्तृत्वाच्या स्पर्धांसाठी गेली आहेत. आम्हीही पुष्कळदा त्या पाटीवरून न वाचता पुढे गेलो आहोत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका शनिवारी आठवी ते दहावीच्या वर्गांना ‘हातिमताई’ दाखवण्याचा विचार आहे. ज्या पालकांना यायचे असेल त्यांनी वर्गशिक्षकांकडे नाव नोंदवावे. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना अवश्य आणावे. त्यांच्यापैकी कोणीतरी तो इथल्याच एखाद्या थिएटरात पाहिलेला असेल.