सरफोजीराजे भोसले : नवनिर्मितीचा ध्यास

वेस्ट मांबलममध्ये राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना शेजारीपाजारी एक प्रश्न हमखास विचारतात : आपण तंजावरचे की मुंबईकडचे? नोकरीच्या निमित्ताने इकडे आलेल्या आम्हांस प्रथम या प्रश्नाचे नवल वाटे. पुढे उमगले की, तमिळ माणसाच्या मनात मराठी म्हटले की पहिली आठवण तंजावरचीच येते. आणि तंजावर म्हटले की एका राजाची. ते राजे म्हणजे दुसरे सरफोजी भोसले. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्यांच्या चरित्राचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावरात जी गादी स्थापिली, तिचे वैभव शंभर वर्षांनी ओसरत चालले होते. सरफोजींचा जन्म १७७७ चा, भोसले कुळाच्या दुसऱ्या शाखेतला. निपुत्रिक तुळजाराजांनी १७८७ मध्ये, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, त्यांना दत्तक घेतले. त्या वेळी त्यांचे वय अवघे नऊ वर्षांचे होते. तुळजाराजांचे सावत्र बंधू अमरसिंग यांनी दत्तकविधानास हरकत घेऊन गादी मिळविली आणि या मुलाच्या वाट्याला उपेक्षा आली. श्वार्ट्झ नावाच्या धर्मोपदेशकाने त्यांच्या शिक्षणाची काळजी वाहिली, व १७९३ मध्ये त्यांना सुरक्षिततेसाठी मद्रासला आणण्यात आले. ज्या शहरात आज आपण मुलाबाळांसह नांदतो, त्याच शहरात हा पोरका राजकुमार इंग्रजी भाषा व पाश्चात्त्य विद्या शिकला. धर्म मात्र त्यांनी आपलाच राखला. गुरूंवरील कृतज्ञतेपोटी पुढे त्यांनी श्वार्ट्झ यांचे संगमरवरी स्मारक तंजावरात उभारले.

दत्तकविधान अखेर ग्राह्य ठरून जून १७९८ मध्ये त्यांना गादी मिळाली. पण दीड वर्षही लोटले नाही तोच, १७९९ च्या ऑक्टोबरात, कंपनीशी झालेल्या तहाने राज्याचा सारा कारभार इंग्रजांकडे गेला. सरफोजींकडे किल्ला, त्याच्या भोवतीचा मुलूख, ठरीव नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. वय बावीस वर्षांचे. सैन्य नाही, न्यायदान नाही, महसूल नाही. अशा अवस्थेतील कित्येक संस्थानिकांनी शिकारीत आणि नाचरंगात आयुष्य घालविल्याचे इतिहास सांगतो. सरफोजींनी वेगळा मार्ग धरला.

सरस्वती महाल हा ग्रंथसंग्रह नायक राजांच्या काळापासून चालत आलेला. सरफोजींनी त्याला अपूर्व रूप दिले. १८२० मध्ये निघालेल्या काशीयात्रेत त्यांनी तीर्थक्षेत्रांबरोबर पोथ्यांचाही शोध घेतला. मूळ पोथी मिळेना तेथे पंडितांकडून नक्कल करविली. युरोपीय भाषांतील चार हजारांहून अधिक ग्रंथ त्यांनी जमविले. त्यांतील अनेकांवर त्यांची स्वाक्षरी आढळते.

नुसता संग्रह करून ते थांबले नाहीत. पुण्यात अद्याप पेशवाई नांदत होती आणि मुंबईत मराठी पुस्तके नियमाने छापली जात नव्हती, अशा काळात, १८०५ च्या सुमारास, त्यांनी राजवाड्यात देवनागरी छापखाना सुरू केला. त्याचे नाव नवविद्याकलानिधी. इसापाच्या नीतिकथांचा मराठी अनुवाद 'बालबोध मुक्तावली' या नावाने तेथे छापला गेला. मुलांनी भूगोल शिकावा, पण तो रुक्ष नसावा, म्हणून त्यांनी 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक रचिले. कुरवंजी हा तमिळ लोकनाट्याचा प्रकार; त्यात भविष्य सांगणारी भटकी स्त्री देशोदेशींचे वर्णन करते. सरफोजींनी तिच्या मुखी साऱ्या पृथ्वीचा भूगोल घातला. साचा तमिळ, भाषा मराठी आणि ज्ञान पाश्चात्त्य! आपले सोडायचे नाही व दुसऱ्याचे नाकारायचे नाही, ही त्यांच्या नवनिर्मितीची रीत येथे लख्ख दिसते. त्यांच्याच दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम व वडिवेलू या बंधूंना आश्रय मिळाला. आज मुली जे भरतनाट्यम शिकतात, त्याच्या कार्यक्रमाची मांडणी या बंधूंनीच घडविली.

आम्हांस स्वतःला सर्वांत अधिक मोह पडतो तो धन्वंतरी महालाचा. तेथे देशी वैद्य व पाश्चात्त्य पद्धतीचे चिकित्सक यांच्या औषधांची परीक्षा होई. राजांना नेत्रचिकित्सेचा विशेष नाद होता. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत ते स्वतः लक्ष घालीत. रुग्णाची तक्रार, केलेला उपचार आणि पुढची प्रकृती यांची टिपणे मोडीत व इंग्रजीत ठेवली जात; काही रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रेही काढून घेतलेली आहेत. शरीररचना शिकण्यासाठी सांगाडा हवा, पण मानवी अस्थींचा विटाळ आडवा येई. तेव्हा त्यांनी हस्तिदंताचा सांगाडा घडवून घेतला. रूढी मोडली नाही, पण तिच्यापाशी अडूनही बसले नाहीत.

येथे आम्हांस स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या हाताखालच्या एका तरुण कारकुनाने जुन्या फायलींची सूची करण्याची एक सोपी पद्धत सुचविली होती. आम्ही तिच्यावर पूर्वीचा दाखला नाही असा शेरा मारून ती परत पाठविली. तो तरुण पुढे बदलून गेला आणि पुन्हा काही सुचविण्याच्या भानगडीत पडला नाही. हस्तिदंताच्या सांगाड्याची हकिगत वाचली तेव्हा तो शेरा आम्हांस आठवला. आपल्या हाती अधिकार नाहीत, ही सबब आम्ही चाकरीत किती सहज पुढे करतो! सरफोजींच्या हाती खरोखरच अधिकार उरले नव्हते.

या चरित्राला दुसरी बाजू आहे, तीही नाकारू नये. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाप्रीत्यर्थ सरफोजींनी समुद्रकाठी मनोरा बांधला, हे वाचून मराठी मन खट्टू होते. पण त्याच राजांनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले कुळाचा प्रदीर्घ इतिहास मराठीत कोरविला. परक्यांच्या कृपेवर जगावे लागले तरी आपण कोण, हे ते विसरले नव्हते.

७ मार्च १८३२ रोजी त्यांचे निधन झाले. पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्रावाचून वारले आणि कंपनीने गादी खालसा केली. किल्ला गेला, नेमणूक गेली, छत्रचामरे गेली. ग्रंथ मात्र राहिले. १९१८ मध्ये सरस्वती महाल सर्वांसाठी खुला झाला, आणि आजही अभ्यासक तेथे मोडी कागद उलगडीत बसलेले दिसतात.

गेल्या वर्षी आम्ही कुटुंबासह तेथे गेलो. आमची कन्या मांबलमच्या शाळेत वाढलेली. तमिळ सफाईने वाचते, मराठी अडखळत. मंदिराच्या भिंतीपाशी तिने एकेक अक्षर लावीत भोसल्यांचे नाव वाचले आणि हे येथे कोणी लिहिले, असे विचारले. गाडीने मांबलम गाठेपर्यंत आम्ही तिला ही कथा सांगत होतो. पन्नास वर्षे चाललेल्या आपल्या मंडळानेही तेच करावे असे आम्हांस वाटते. केवळ जुने जपून मुलांच्या हाती देणे पुरेसे नाही. त्यांना समजेल, आवडेल अशा नव्या रूपात ते द्यावयास हवे. तंजावरच्या राजाने भूगोलासाठी कुरवंजी योजिली. आपल्या मराठीसाठी काय योजावे, हे आपण व आपल्या मुलांनी मिळून ठरवायचे आहे. कोणी तरुणाने काही नवे सुचविले, तर निदान आम्ही तरी यापुढे पूर्वीचा दाखला विचारणार नाही.