अभंगांतून ख्रिस्तभक्ती गाणारे रेव्हरंड टिळक

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी जन्मलेले कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ते आप्तांना पारखे झाले. पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षे दुरावल्या. पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या. धर्म बदलला तरी टिळकांनी संतपरंपरेचा वारसा सोडला नाही. ख्रिस्तभक्ती मराठी मनाला परकी वाटू नये, म्हणून त्यांनी अभंग व भजने रचली, कीर्तने केली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला. तेथे बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.