गळ्यातली माळ

जपमाळ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तुळशीची वा रुद्राक्षांची माळ उभी राहते. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतही संध्याकाळी माळ हाती घेऊन ‘तेर्स’ म्हणण्याची रीत आहे. दहा-दहा मण्यांचे पाच गट. प्रत्येक गटाआरंभी येशूने शिकवलेली प्रार्थना आणि मग दहा वेळा मारियामातेला नमन. याच घरांतून आलेल्या एका धर्मगुरूने ही माळ जीव धोक्यात घालून उघड गळ्यात घातली. ते म्हणजे पाद्रे जुझे वाझ.

२१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे त्यांचा जन्म झाला. १६७६ मध्ये ते धर्मगुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सांकवाळ येथे त्यांनी आपण मारियामातेचे आजन्म दास असल्याचे पत्र लिहून दिले.

त्या काळी सिलोनच्या किनाऱ्यावर डचांची सत्ता होती. १६५८ मध्ये पोर्तुगीजांना हुसकावून त्यांनी कॅथलिक पंथावर बंदी घातली. पाद्र्याला आसरा देणाऱ्यास देहदंड होता. तिथल्या श्रद्धाळूंना कुणी वाली उरला नव्हता. हे ऐकून वाझ अस्वस्थ झाले आणि १६८७ मध्ये भिकाऱ्याच्या वेषात जाफन्याला पोहोचले. प्रवासात आमांशाने शरीर पार खंगले होते.

बरे झाल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. आपली माणसे ओळखायची कशी? विचारावे तर घात, न विचारावे तर येणेच व्यर्थ! मग त्यांनी गळ्यात मोठी माळ घातली आणि ते दारोदार भीक मागू लागले. भिक्षा वाढणाऱ्याची नजर माळेवर कशी पडते, हे ते मुकाट्याने न्याहाळत. कुणाच्या डोळ्यांत तिरस्कार दिसे, कुणाच्या डोळ्यांत ओळख. अखेर एका घरात ती ओळख पुरती पटली, तेव्हाच त्यांनी आपण कोण ते सांगितले. पुढे रात्रीच्या अंधारात गुप्तपणे उपासना सुरू झाली.

१६९२ मध्ये ते कँडीच्या बौद्ध राजाच्या राज्यात गेले, तेव्हा पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना कैद झाली. पण १६९७ च्या देवीच्या साथीत त्यांनी धर्मभेद न पाहता रोग्यांची शुश्रूषा केली. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांनी देह ठेवला. २०१५ मध्ये कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले.

जी माळ त्यांना फासापर्यंत नेऊ शकली असती, तिनेच त्यांना आपल्या माणसांपर्यंत नेले. माळ जपण्यासाठी असतेच. वाझ यांनी ती दुरावलेल्यांना शोधण्यासाठीही वापरली.