पश्चात्तापाचे देणे

रमजानचा दुसरा अशरा, म्हणजे मधले दहा दिवस, मगफिरतचे मानले जातात. या दिवसांत मोमीन तौबा करतो. मात्र तौबा म्हणजे केवळ अश्रू ढाळणे नव्हे. माणसाचा हक्क बुडवला असेल, तर तो त्याला परत करावा लागतो. हेच हुकूक-उल-इबाद. आपल्या हातून राहिलेले असे एक देणे आयुष्यभर फेडणारा माणूस वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटात जन्मला.

मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी सधन जमीनदार घराण्यात झाला. शिकारीची बंदूक, स्वतःची मोटार, सिनेमाचा शौक आणि पुढे वकिली. गांधीजींच्या सहवासाने हे आयुष्य पालटले. रेल्वेत एका तरुणीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते एकटे भिडले, तेव्हा गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ म्हटले.

वरोऱ्याला बाबा सफाई कामगारांबरोबर डोक्यावरून मैला वाहू लागले. त्याच काळात भर पावसात रस्त्याकडेला तुळशीराम पडलेला दिसला. कुष्ठरोगाने बोटे झडलेली, जखमांत किडे झालेले. बाबा घाबरून पळाले. बंदूकधाऱ्यांना न भ्यालेला माणूस एका मरणासन्न रुग्णाला भ्याला! ही लाज त्यांना झोपू देईना. ते परतले, त्याला आडोसा केला, खाऊ घातले. तुळशीराम मात्र वाचला नाही.

ज्याचे देणे तोच गेला, तर फेडायचे कुणाला? बाबांनी ते तुळशीरामसारख्या सर्वांना फेडायचे ठरवले. १९४९ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी या रोगाचे शिक्षण घेतले. संशोधनासाठी स्वतःच्या शरीरात रोगजंतूही टोचून घेतले. मग साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभे राहू लागले.

तिथे दान मागायचे नाही, काम करायचे, हा नियम होता. रुग्णांनी विहिरी खोदल्या, शेते पिकवली. सुरुवातीला त्यांच्या हातची भाजीही गावकरी विकत घेत नसत. पुढे याच हातांच्या कष्टातून महाविद्यालय उभे राहिले आणि गावची मुले तिथे शिकायला आली. दयेने नव्हे, श्रमाने बहिष्कार मोडला.

पाठीच्या कण्याने बाबांचा छळ मांडला. त्यांना बसता येईना, फक्त उभे राहता किंवा झोपता येई. तरीही १९८५ मध्ये ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रेला निघाले. १९९० मध्ये आनंदवन सोडून धरणग्रस्तांसाठी नर्मदाकाठी राहायला गेले.

९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबांचे निधन झाले. दहन न करता त्यांना आनंदवनाच्या मातीत दफन करण्यात आले. भीती प्रत्येकालाच वाटते. पळालेली पावले मागे वळली की नाही, हिशेब त्याचाच होतो.